गोयाची स्टेपल केलेली पानं

मित्रांनो, मी एक जुना, जाडजूड चित्रग्रंथ आहे. स्पेनच्या राजदरबारातला चित्रकार गोया माझ्या पोटात आहे. पहिल्या पानांवर पतंग, छत्र्या, हसरी माणसं. शेवटच्या पानांवर नुसता काळोख आणि भेसूर चेहरे. एकाच हाताने हे दोन्ही कसं काढलं, याचं मलाही नवल वाटे.

नॉटिंगहॅमच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानातून तरुण डॉक्टर मुरलीधरांनी मला घरी आणलं, खाकी कव्हर घातलं. काय माझी ऐट! चुकून पाय लागला तर पोरं मला नमस्कार करीत. पण पुढे कित्येक वर्षांनी त्यांची नात अन्वी पाच वर्षांची असताना शेवटची पानं पाहून किंचाळली. झालं! आजोबांनी ती सगळी पानं स्टेपल करून टाकली. मला टोचलं, पण मायेपुढे कोण बोलणार?

आजोबा निवृत्त झाल्यावर मी रोज त्यांच्या मांडीवर असे, म्हणून एक गुपित मला एकट्याला ठाऊक होतं. त्यांना ऐकू येईनासं झालं होतं. कुणी काहीही विचारलं की "हो हो" म्हणून ते मान हलवत. घरच्यांना वाटे, म्हातारा तुसडा झाला. अन्वीनेही त्यांच्याशी बोलणं जवळजवळ सोडलं होतं. माझा जीव तुटे, पण मला कुठली वाचा?

परवा सोळा वर्षांची अन्वी त्यांच्याजवळ येऊन बसली. गोयाची शैली का बदलली, यावर तिला शाळेसाठी लिहायचं होतं.

"आजोबा, हे पेजेस स्टक का आहे?"

"हो हो."

तिने नखाने पिना उचकटल्या. या वेळी ती किंचाळली नाही, चित्रांशेजारचा मजकूर वाचू लागली. सेहेचाळिसाव्या वर्षी मोठं आजारपण आलं, गोया कायमचा बहिरा झाला, आणि त्यानंतर त्याची चित्रं गडद होत गेली. तिला मघाचं "हो हो" आठवलं.

"आजोबा, तुम्हाला... ऐकू येत नाही?"

"हो हो."

मग तिने पेन्सिल घेतली आणि माझ्याच समासात तो प्रश्न वेड्यावाकड्या मराठीत लिहिला! पुस्तकावर रेघ ओढली तरी ओरडणाऱ्या आजोबांनी तो वाचला, तिच्या हातून पेन्सिल घेतली आणि खाली लिहिलं, "वर्ष झालं. सांगायची लाज वाटली."

मित्रांनो, पुस्तकं जपा, पानं दुमडू नका. पण घरातलं कुणी नुसतंच "हो हो" म्हणू लागलं, तर शेजारी बसा आणि खुशाल माझ्यावर लिहा.