मोठा पंखा

"नीलमबेन, तुम्ही दुरुस्त केलेला पंप बोगस निघाला!" मच्छीमार बोटीचे मालक ललितभाई यांनी इंजिनाचा डिझेल पंप नीलमच्या टेबलावर आदळला. "बोट काळा धूर ओकतेय. चालवणारे भाईदासकाका खोकून खोकून बेजार झालेत."

गोडादऱ्यात नीलमचं डिझेल पंपांचं वर्कशॉप होतं. तिने वाद घातला नाही. पंप टेस्टिंगच्या मशीनवर चढवला. सहाही नळ्यांतून डिझेल सारख्याच प्रमाणात पडत होतं.

"पंपात दोष नाही. बसवायला मीच येते. बोट बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पंप बसवला आणि भाईदासकाकांना गिअर न टाकता रेस द्यायला सांगितली. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा अठराशेवर गेला, धूर नावाला. पण बोट खाडीत नेऊन गिअरमध्ये पूर्ण रेस दिल्यावर काटा साडेचौदाशेवरच अडला आणि नळकांड्यातून काळे लोट निघाले.

"बोट ढकलणारा पाण्याखालचा पंखा बदललाय का?"

"दिवाळीआधी," नाकावर रुमाल धरत भाईदासकाका म्हणाले. "मोठा बसवला."

"मोठा पंखा, मोठा जोर," ललितभाई म्हणाले. "जाळं ओढायचं असतं, बेन."

"इंजिनाला तो फिरवणं झेपत नाही. नुसतं डिझेल पितंय, आणि नीट जळत नाही त्याचा धूर काकांच्या छातीत जातोय. जुना पंखा लावा."

"आणि तुमचं चुकलं तर?"

"तर वर्कशॉपची पाटी उतरवते."

ललितभाईंनी जुना पंखा काढायला खलाशांना हाक मारली. ओहोटीला बोट चिखलात टेकली. खलाशांनी पंखा बदलला. सलवार गुडघ्यापर्यंत खोचून नीलम चिखलात उभी राहिली आणि तळाला चिकटलेल्या शिंपल्याही तिने खरवडून घेतल्या. भरती आली, बोट निघाली. या वेळी काटा न अडखळता अठराशेला भिडला. धुराची फिकट रेघ तेवढी राहिली.

आठ दिवसांनी ललितभाईंचा फोन आला. "दोन पिंपं डिझेल उरलं, बेन! मासळीही कमी नाही."

"काका कसे आहेत?"

फोन काकांनीच घेतला. "केबिनची खिडकी उघडी टाकून झोपलो, बेटा. बऱ्याच दिवसांनी."

मागून ललितभाई ओरडले, "शेजारचे दोन बोटवालेही पंप काढून तुमच्याकडे निघालेत!"

"त्यांना म्हणावं, पंप राहू द्या जागेवर," नीलम म्हणाली. "रविवारी मीच येते."