लाल चिठ्ठी

बाळांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. गाझियाबादमधलं आठव्या मजल्यावरचं घर, रविवारचा दिवस, आणि फ्रीजमध्ये थर्माकोलचे दोन सारखेच डबे. दोन्हींत शिनाणे, म्हणजे काळपट हिरव्या शिंपल्यांतले समुद्री जीव.

डबे कोकणातून सुधन्वामामानं बर्फात घालून पाठवले होते. एकातले शिनाणे कारखान्यांजवळच्या खाडीतले, आईच्या प्रयोगशाळेसाठी. त्या डब्यावर लाल चिठ्ठी. प्रयोगशाळा सोमवारी उघडणार होती. दुसऱ्यातले स्वच्छ किनाऱ्यावरचे, घरी खायला. बहिणीला कामाचं पाठवायचं आणि सोबत खायचं पाठवायचं नाही, हे मामाला जमतच नसे.

नऊ वर्षांच्या अक्षयाला आईनं सगळं समजावलं होतं. शिनाणा खडकाला चिकटून एका जागी बसतो आणि दिवसभर पाणी गाळतो. पाण्यात शिसं असेल, तर ते त्याच्या मांसात साठत जातं. म्हणून शिनाणा तपासला की पाण्याचं दुखणं कळतं.

सकाळी अक्षयानं ती चिठ्ठी अलगद सोलून आपल्या वहीवर चिकटवली होती. छान लाल होती, एवढंच. आई डबा ओळखेल असं तिला वाटलं.

आता दुपारी जेवणाच्या वेळी आई बाल्कनीत दार लावून फोनवर बोलत होती आणि बाबांनी रस्सा केला होता. चिठ्ठी नाही म्हणजे खायचा डबा, असं धरून त्यांनी हाताला आला तो डबा उघडला होता.

अक्षयानं चाचरत विचारलं, कोणता डबा घेतला. बाबा हसले.

"वरचा की खालचा, कोण बघतं यार. आणि घाबरतेस काय? वीस मिनिटं उकळलेत. सगळे जंतू गेले."

जंतू गेले. शिसं उकळून जात नाही, हेही आईनंच सांगितलं होतं.

समोर तिचा चार वर्षांचा भाऊ अंकुर शिंपल्यावर फुंकर मारत होता. खरं सांगितलं, तर आईच्या कामाचा नमुना कुणामुळे गेला ते कळणार. गप्प राहिलं, तर कदाचित तो चांगलाच डबा असेल. कदाचित.

"ताई, बघ, माझा सगळ्यांत मोठा," म्हणत अंकुरनं तोंड उघडलं.

अक्षयानं त्याच्या हातातला शिंपला हिसकावला, बाबांचंही ताट दूर सारलं, आणि अंकुरनं भोकाड पसरलेलं असतानाच वही उचलून बाल्कनीचं दार उघडलं.