कानामागची दाढी

मोहनरावांनी चेहऱ्याचं ऑपरेशन करून घेतलं ते दूध संस्थेच्या निवडणुकीपायी, हे आधीच सांगून टाकतो. वय चौसष्ट, वीस वर्षं चेअरमन. यंदा विरोधक म्हणायला लागले, आप्पा थकले, त्यांना आता घरी बसवा. ते एवढं मनाला लागलं, की गडी आरशापुढून हलेना. लेक शिवकन्या पुण्यात प्लास्टिक सर्जनकडे नर्स. तिनंच डॉक्टरांना गाठून सगळं जमवलं. गावात सांगितलं, हर्नियाचं ऑपरेशन आहे.

डॉक्टरांनी कानापुढून चीर घेतली आणि पाळीखालून वळवून मागं केसांत नेली. आतला सैल पडलेला थर ताणून टाके घातले, वरची जादा कातडी कापून टाकली. गाल वर गेले, गळ्याखालची लोंबती कातडी गेली. पण गालाची कातडी मागं सरकली, तिच्याबरोबर दाढीही सरकली आणि कानामागं खुंट उगवायला लागले. गावात हे ठाऊक फक्त बायकोला, विमलबाईला, आणि गहिनीनाथ न्हाव्याला. गहिनीनाथ रोज सकाळी घरी येऊन कानामागं वस्तरा फिरवायचा. मग मोहनराव भर उन्हाळ्यात कानाला मफलर गुंडाळून जनावरांच्या छावणीवर जायचे. कुणी विचारलंच तर म्हणायचे, कान ठणकतो.

चारा छावणी संस्थेचीच होती. दोन वर्षं पाऊस नव्हता, पाटोद्याच्या रस्त्याला सहाशे जनावरं दावणीला होती आणि माणसंही तिथंच राहत होती. सगळ्यांची गालफडं बसलेली, आणि मधून हे टवटवीत तोंड घेऊन फिरायचे. लोक म्हणतील आप्पा अजून दमदार आहेत, असं त्यांना वाटत होतं. काय म्हणावं या माणसाला.

त्यात ट्रक कमी यायला लागले आणि वाटपाचा चारा निम्म्यावर आला. सटवा धनगर जनावराचं तोंड आणि मान बघून त्याच्या पुढ्यात काय पडतं ते सांगणारा माणूस. त्यानं मोहनरावांनाही तसंच न्याहाळलं.

"दुष्काळात एकट्याच्याच अंगाला लागलंय," तो चारचौघांत म्हणाला. "आमचा चारा कुठं जातोय ते दिसतंय की."

दोन दिवसांत सगळी छावणी तेच बोलायला लागली. वीस वर्षांत मोहनरावांनी संस्थेची काडी घरी नेली नव्हती. त्यांना जेवण जाईना.

"सांगून टाका," विमलबाई म्हणाल्या. "चोर म्हणून घ्यायापरीस हसू द्या लोकांना."

"लई हसतील."

"हसू द्या म्हनलं ना."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गहिनीनाथला घरी येऊ दिलं नाही. दुपारी छावणीतल्या लिंबाखाली, जिथं सगळ्यांच्या दाढ्या व्हायच्या, तिथं जाऊन बसले आणि मफलर काढला.

"कर," ते म्हणाले. "मागचीबी."

वस्तरा कानामागं गेला तशी माणसं गोळा झाली. मोहनरावांनी काहीच लपवलं नाही. हर्निया खोटा होता, चीर कुठून कुठं गेली, कातडी किती कापली, सगळं सांगितलं. पोरं फिदीफिदी हसली. सटवा मात्र उकिडवा बसला, जनावराची जखम बघतात तसं बोटानं व्रण चाचपत पार केसांपर्यंत गेला.

"टाक्याचंच हाय," तो बाकीच्यांना म्हणाला. "चारा न्हाई खाल्ला यांनी. माझं चुकलं."

मोहनरावांना हायसं वाटलं. पण सटवा उठला नाही.

"का म्हून केलं पण, आप्पा?"

"म्हातारं दिसायची लाज वाटली."

सटवा त्यांच्याच वयाचा. त्यानं स्वतःच्या खोल गेलेल्या गालावरून हात फिरवला.

"आमी तर रोज ह्याच तोंडानं तुमच्यापुढं येतो," तो म्हणाला आणि जनावरांकडं निघून गेला.

गहिनीनाथनं फडक्यानं मोहनरावांची मान पुसली, तसे ते मफलर हातात घेऊन उघड्या कानांनी घरी गेले. निवडणुकीत ते अठरा मतांनी पडले. चारा खाल्ला असं पुन्हा कुणी म्हणालं नाही.