मिश्रणाचा दिवस

नेव्हिओने तिसरा पेला नाकाशी धरला, डोळे मिटले आणि जाणत्यासारखी मान हलवली. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, तरी हलवली.

टेबलावरच्या तिन्ही पेल्यांत काबेर्ने, मेर्लो आणि सांजोवेझे या तीन द्राक्षांची वाइन होती, फक्त प्रमाण वेगवेगळं. उद्या माणसं येऊन पिंपं एकत्र करणार होती. आज चूक झाली, तर बोल्गेरीच्या उतारावरची वर्षभराची मेहनत चुकीची होऊन त्याच्याच नावाच्या बाटलीत जाणार होती. उभं आयुष्य हे मिश्रण त्याने नाकाने ठरवलं होतं, आणि नाताळातल्या तापानंतर नाकच गेलं. वाइन आता नुसती आंबट आणि तुरट लागे.

त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोणाला? बायको, इल्वा, गेल्यावरही घर थोडंफार सोबत करायचं. सकाळी कॉफीचा वास, संध्याकाळी समुद्राचा. आता तेही गप्प झालं होतं.

दार ढकलून आर्जिया आत आली. इल्वाची धाकटी बहीण, दोन मळे पलीकडे राहणारी. मिश्रणाच्या दिवशी ती दरवर्षी यायची, त्याच्या चुका काढायला.

"भावोजी, आहात की झोपलात..." ती थबकली, आणि बोळातून स्वयंपाकघराकडे धावली.

गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग खिडकी उघडल्याचा. परत आली तेव्हा तिच्या हातात पातेलं होतं. तळाशी पांढऱ्या घेवड्याचा कोळसा झाला होता.

नेव्हिओने पातेल्याकडे पाहिलं, मग हातातल्या पेल्याकडे. तो त्याने हळूच खाली ठेवला.

"विसरलो."

"ताई तुम्हाला चुलीपाशी फिरकू देत नव्हती, ते काय उगाच?"

पातेलं बाजूला ठेवून ती समोर बसली आणि तिन्ही पेले स्वतःकडे ओढले.

"यंदा उलटं करू. मी बोलते, तुम्ही चुका काढा."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"म्हणून तर म्हणते, चुका काढा."

एरवी ती सरळ घोट घ्यायची. आज तिने पेला बराच वेळ नाकाशी धरला.

"हा ढोबळ्या मिरचीच्या देठासारखा. काबेर्ने डोक्यावर चढून बसलंय." मग दुसरा. "हा नुसता मुरंबा. पोरांच्या पावाला लावा." तिसऱ्यापाशी ती रेंगाळली. "यात चेरी आहे. मागून ओलं लाकूड. आणि चामडं, ताईच्या पावसाळी बुटांसारखं."

नेव्हिओला हसू आलं.

"हाच," ती म्हणाली. "चुकलं का काही?"

"नाही."

त्याने खडूने पिंपांवर आकडे लिहिले. आर्जिया शाल गुंडाळून उठली. तो पाठमोराच होता.

"आर्जिया, समुद्राचा वास येतोय का गं?"

ती खिडकीशी गेली. बाहेर वेलींच्या छाटलेल्या काड्या पेटवल्या होत्या आणि धूर सरळ समुद्राकडे चालला होता. वारा डोंगराकडून होता. अशा वाऱ्यात समुद्राचा वास इथवर पोहोचत नाही, हे दोघांनाही लहानपणापासून ठाऊक होतं.

आर्जियाने खोल श्वास घेतला.

"येतोय की. शेवाळाचा, मिठाचा. डोकं उठेल इतका."

नेव्हिओ वळला. तिच्या खांद्यावरून त्याला समुद्राकडे चाललेला धूर दिसत होता.

"हो," तो म्हणाला. "आज जोरात आहे." आणि मग, "बस ना अजून थोडी."