परत आलेला हात

मल्हारी मेला तो पंच्याऐंशी सालच्या श्रावणात, पंचवटीतल्या भाजीबाजारामागच्या एका खोलीत, तापाने फणफणून. जवळ कुणी नव्हतं. डोळे उघडले तेव्हा तो दिंडोरीकडच्या आपल्या गावी, आपल्याच घराच्या ओट्यावर पडलेला होता. साल होतं त्र्याहत्तर, दुष्काळाचं. अंगावर घोंगडी होती आणि घोंगडीवर दोन हात होते.

डाव्या हाताकडे तो कितीतरी वेळ बघत राहिला. अंगठ्यावर विळ्याचा जुना वण होता. हात त्याचाच होता, पण तो तर सुरुंगात गेला होता, मनगटासकट. त्यानंतर बारा वर्षं मल्हारीनं एका हातानं संसार केला होता, म्हणजे उरला होता तेवढा.

"उठताय ना? जयराम येऊन बसलाय," आतून चांगुणा म्हणाली.

बायकोचा तो कोवळा आवाज त्यानं बारा वर्षांत ऐकला नव्हता. जयराम तिचा पाठचा भाऊ. दोघं मेहुणे मिळून विहिरी खणायचे. पहारीनं खडकात भोक पाडायचं, दारू भरायची, वात पेटवून वर यायचं. याच वर्षी खंडेरावांच्या विहिरीत आदल्या दिवशीचा एक बार न फुटता राहिला, सकाळी त्यावरच पहार पडली आणि जयराम जागीच गेला. मल्हारीचा हात गेला. "माझ्या भावाला घेऊन गेलात, अन् एकटे आलात," एवढं बोलून चांगुणा कळवणला चुलत्याकडे निघून गेली होती. पुन्हा कधी आली नाही.

आता ती चुलीपुढे बसून भाकरी थापत होती आणि जयराम दारात बसून चहा फुंकत होता.

अंग ओळखीचं होतं, पण मल्हारीला ते वापरता येईना. भाकरी तो गुडघ्यावर दाबून मोडायचा. मुंडासं दातात धरून बांधायचा. डावा हात आपला मांडीवर पडून राहायचा, पाहुण्यासारखा. कधी झोपेत तो हात स्वतःच हलायचा आणि मल्हारी दचकून उठायचा, कुणी दुसरंच अंथरुणात आहे असं वाटून.

"हाताला काय झालंय?" चांगुणानं एकदा विचारलं.

"काय नाय."

"मग वापरत का नाय? परवा लोटा घेताना उजव्या हातातली पेंढी खाली टाकलीत."

त्यानं लोटा उचलला, उजव्याच हातानं. काय सांगणार होता? तुझा भाऊ मरतो, आणि तू मला टाकून जातेस?

जयरामला मात्र त्यानं सांगितलं, स्वप्न पडलं म्हणून. "खंडेरावांच्या विहिरीत आपण उतरायचं नाय. दुसरं काम धरू."

जयराम हसला. "दाजी, दुष्काळात काम कोण सोडतं? अन् स्वप्नाला घाबरून तर कुणीच नाय." मल्हारी गेला नाही, तर तो एकटाच त्या विहिरीत उतरत राहिला.

तारीख मल्हारीला आठवत नव्हती. एवढंच आठवत होतं, की त्या सकाळी रस्त्यावरून सप्तशृंगीच्या गडाला निघालेल्या लोकांचा डफ वाजत होता. म्हणून त्यानं बेत केला, की चैत्री यात्रेला जयरामला आपणच गडावर घेऊन जायचं. जयराम हो म्हणाला. चांगुणानं दशम्या बांधल्या.

निघायच्या सकाळी मल्हारी उठला तर डफ वाजत होता आणि जयराम घरात नव्हता.

"खंडेरावांचा गडी आला व्हता," चांगुणा म्हणाली. "एवढं एक भोक पाडून येतो, तवर दाजींचं आवरंल, म्हणाला."

मल्हारी अनवाणीच पळत सुटला. ढेकळांतून, काट्यांतून. तरुण पाय होते, दम लागत नव्हता, आणि त्याचीच त्याला भीती वाटत होती, कारण हे पाय त्याला पुन्हा त्याच विहिरीकडे नेत होते.

विहिरीच्या तोंडाशी खंडेराव उभे होते. खालून पहारीचा ठण ठण आवाज येत होता.

"जयराम!" मल्हारीनं वाकून हाक मारली. "थांब! हात लावू नको!"

आवाज थांबला नाही. त्यानं दोराची शिडी धरली आणि खाली उतरायला लागला. अर्ध्यात पाय निसटला. डाव्या हातानं दोर धरायचा, पण हात उठलाच नाही. बारा वर्षांची सवय. तो एका हातावर लोंबकळला, खडकावर आपटला. वरून दगड सुटले आणि जयरामच्या पाठीत बसले. तेव्हा कुठं जयरामनं पहार खाली ठेवली आणि वर पाहिलं.

पहारीच्या टोकापासून वीतभर अंतरावर मातीनं बुजलेलं एक भोक होतं. आत दारू तशीच होती. दोघांनी वरून घागरी सोडायला लावून त्यात पाणी ओतलं, आणि वर आले. खंडेरावांनी शिव्या दिल्या. चांगुणानं भावाच्या पाठीला हळद लावली. त्या दिवशी मल्हारी पुष्कळ रडला आणि कुणाला त्याचं कारण कळलं नाही.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण जयराम त्यानंतर नीट जेवेना. ओट्यावर बसून विहिरीच्या दिशेला बघत राहायचा. आखाडात एकदा, दोघंच असताना, तो म्हणाला, "दाजी, मी खाली मेलो व्हतो ना?"

मल्हारी उठायला लागला, तर जयरामनं त्याला धरून बसवलं.

"बार उडाला तवा तुमचा हात माझ्या खांद्यावर व्हता. तुम्ही म्हणत व्हता, एवढं झालं की भाकरी खाऊ."

खरोखर तसंच झालं होतं, पहिल्या वेळी. मल्हारीनं ते कुणालाही, चांगुणालासुद्धा, कधी सांगितलं नव्हतं.

जयरामनं विहिरींचं काम सोडलं. एका बागाईतदाराकडे द्राक्षांच्या छाटणीला लागला, लग्न केलं, पोरं झाली. पण खंडेरावांच्या विहिरीला पाणी लागलं तेव्हा सारं गाव प्यायलं, जयराम प्यायला नाही. मल्हारीचा डावा हात हळूहळू कामाला लागला. चांगुणा घरातच राहिली, तिच्या केसांत चांदी आली, आणि ती रागावली तरी मल्हारीला बरं वाटायचं. पंचवटीला राहायला तो या वेळी गेलाच नाही.

पंच्याऐंशीचा श्रावण आला. तापही आला, ठरल्यासारखा.

भरदुपारी जयराम येऊन उशाशी बसला. बाहेर झिमझिम होती. चांगुणा मागच्या गोठ्यात होती.

"जयराम," मल्हारीनं विचारलं, "तिकडं काय असतं?"

जयरामनं आधी दाराकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यानं तो विषय पुन्हा काढला नव्हता.

"काय नसतं दाजी. आपल्याच माणसाच्या आवाजात हाक येती. मला तुमच्या आवाजात आली व्हती. मी ओ दिली, म्हणून गेलो." त्यानं मल्हारीच्या अंगावरची घोंगडी सारखी केली. "ओ द्यायची नाय, एवढंच."

तेवढ्यात अंगणातून हाक आली. "दाजी!"

आवाज जयरामचा होता. जयराम तर शेजारी बसला होता, ओठ मिटून. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"दाजी!"

गोठ्यातून चांगुणा ओरडली, "अवं, जयराम आलाय दारात. ओ द्या की त्याला."

मल्हारीचे ओठ सवयीनं उघडले. जयरामनं झेप घेऊन आपला तळवा त्याच्या तोंडावर घट्ट दाबला, आणि दोघं दाराकडे बघत राहिले.