सुमनबाईंच्या ओट्यावरचा हिरवा पडदा

मी एक जुना बांबूचा पडदा आहे. मित्रांनो, माझा हिरवा रंग आता तुम्हाला शोधावा लागेल, कारण उन्हाने तो कधीच खाऊन टाकला. माझ्या तीन काड्या तुटल्या आहेत, डावीकडची सुतळी सैल झाली आहे. गेल्या दिवाळीत, म्हणजे १९८७ साली, ओट्यावर फुलाफुलांचे नायलॉनचे पडदे आले आणि माझी रवानगी मोरीच्या दाराशी झाली. पाहुणे आता माझ्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. वाईट वाटते, खोटे कशाला बोलू? पण नऊ वर्षांपूर्वीची ती बुद्धपौर्णिमा आठवली की आजही माझ्या काड्या आनंदाने वाजू लागतात.

माझा बांबू पेठच्या डोंगरातला. तिथून मी नाशकात गोटीराम बुरुडाच्या अंगणात आलो. माझे सगळे भाऊबंद द्राक्षांच्या पाट्या होऊन पिंपळगावला गेले. मीही त्याच वाटेने जाणार होतो, पण ऐन वेळी सुमनबाई आल्या आणि त्यांनी शाळेच्या वहीत काढलेले माझे चित्र गोटीरामपुढे धरले.

"बाई, पाटी सांगा, सूप सांगा. हे असलं कधी केलं नाय," गोटीराम म्हणाला.

"मग आता करा. माझ्या घराला समुद्रकाठ करायचाय."

गोटीरामने जन्मात समुद्र पाहिला नव्हता. तरी गडी असा काही पेटला की विचारू नका! चार दिवस तो काड्या तासत होता, सुतळी ओवत होता. रंगाचे दोन हात दिले आणि म्हणाला, "ह्याच्यातनं वारा अडला तर नाव बदलीन."

सुमनबाई नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका. वर्गात साठ मुले. संध्याकाळी घरी आल्या की त्यांचे डोके ठणकायचे. दिवाळीच्या सुट्टीत शिक्षकांच्या शिबिरासाठी त्या मालवणला गेल्या होत्या. तिथे एका पडवीत, नारळीच्या झापांखाली, त्या संध्याकाळभर नुसत्या बसून राहिल्या आणि त्यांचे डोके दुखायचे थांबले. झाप म्हणजे नारळाच्या पानांची विणलेली चटई. कोकणात ती छपरावर घालतात. सुमनबाईंनी तिथेच ठरवले, आपले घर असेच करायचे. येताना एसटीच्या टपावर आठ झाप बांधून आणले.

त्यांचे यजमान वाल्मीकराव सातपूरच्या कारखान्यात फिटर. नाशिकरोडला त्यांनी नुकतेच दोन खोल्यांचे स्लॅबचे घर बांधले होते. झाप पाहून ते म्हणाले, "सुमन, समुद्र तेवढा आणायचा राहिला बघ."

"तोही आणला असता. कंडक्टर नको म्हणाला."

मग काय धमाल उडाली, मित्रांनो! भिंतींना निळा रंग लागला. वेताच्या दोन खुर्च्या आल्या. तेलाच्या डब्यांत केळी लागल्या, फाटकाशी नारळाचे रोप लागले. आठही झाप स्लॅबखाली ठोकून बसवले, तेव्हा सिमेंटचा एक ठिपकाही दिसेना. सगळ्यांत शेवटी ओट्यावर मला टांगले. कॉलनीतल्या बाया रांगेने बघायला आल्या. मी तर हवेतच होतो, म्हणजे टांगलेला होतोच, पण मनानेही!

ही सगळी घाई एका माणसासाठी होती. वाल्मीकरावांच्या आई शकुबाई दिंडोरीपलीकडच्या गावात एकट्या राहत. "शहरात करमत नाय," म्हणून त्यांनी तीनदा नकार दिला होता. यंदा मात्र बुद्धपौर्णिमेला येते, बरं वाटलं तर राहते, असा निरोप आला. सुमनबाईंना लहानपणापासून आई नव्हती. सासूबाई आल्या तर त्यांनी परत जाऊच नये, असे त्यांना मनापासून वाटत होते. दमलेल्या जिवाला इथे गारवा मिळेल, या एकाच विचाराने त्यांनी घर सजवले.

पौर्णिमेला दुपारी शकुबाई आल्या. पांढरे लुगडे, हातात गाठोडे. सुमनबाई हरखून त्यांना खुर्च्या दाखवत होत्या, केळी दाखवत होत्या. शकुबाईंनी कशाकडेही पाहिले नाही. त्यांनी मान वर केली आणि तिथेच थबकल्या.

"वाल्मीक, स्लॅब कुठंय?"

"वर आहे, आई. झापांच्या वर."

शकुबाई मटकन उंबऱ्यात बसल्या. "चाळीस वर्सं पाचटाखाली काढली म्या," त्या म्हणाल्या. "लय गळायचं. हा तान्हा व्हता तवा ह्याच्यावर परात धरून बसायची रातभर. पोरानं स्लॅब टाकला म्हणून गावभर सांगत फिरले. आन् हितं बघते तर तेच छप्पर. मला सकाळच्या येष्टीत बसवून दे."

माझ्या अंगातला वाराच गेला. मीही शेवटी बांबूच ना! सुमनबाई पांढऱ्याफटक पडल्या. त्यांनी सगळ्यांना घर दाखवले होते, पण ज्यांच्यासाठी सजवले त्यांना आधी एका शब्दाने विचारले नव्हते.

 मग त्यांनी नव्या साडीचा पदर खोचला, स्टूल ओढले आणि पक्कड हातात घेतली.

"अगं, वंदनेला माणसं येतील आता," वाल्मीकराव म्हणाले.

"येऊ देत."

एक खिळा, दुसरा खिळा, आणि धाडकन पहिला झाप खाली! सारवल्यासारख्या स्वच्छ फरशीवर कचरा, सुमनबाईंच्या केसांत धूळ. वंदनेला आलेली माणसे दारात चपला काढून तशीच बघत उभी राहिली. वाल्मीकरावही मग दुसऱ्या बाजूने खिळे उपटू लागले. आठवा झाप उतरला. सुमनबाई माझ्याकडे वळल्या आणि माझ्या दोरीला हात घातला. संपले आपले, असे मी समजलो.

"तेवढा ऱ्हाऊ दे," शकुबाई म्हणाल्या. "वारा येतो त्याच्यातनं. डोईवर नसलं म्हंजी झालं."

मग त्या उठून खोलीच्या मधोमध आल्या आणि सगळ्यांदेखत, त्या कचऱ्यातच, फरशीवर उताण्या पडल्या. वर करडा, कोरा स्लॅब होता. त्यावर ओतताना लावलेल्या फळ्यांच्या खुणासुद्धा दिसत होत्या. त्यांनी सुमनबाईंचा हात धरून खाली ओढला.

"तू बी बघ."

सुमनबाई शेजारी आडव्या झाल्या. मी जमेल तेवढा वारा त्यांच्या अंगावर सोडत होतो.  मालवणच्या पडवीविषयी सुमनबाईंनी जे जे सांगितले होते, ते सगळे मला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर दिसले.

शकुबाई वर बघतच म्हणाल्या, "वाल्मीक, शेळी गावात शेजारच्या निवृत्तीच्या गोठ्यात बांधून आलेय. उद्या जाऊन घेऊन ये तिला."

सुमनबाईंना रडू फुटले, आणि रडतारडताच त्या हसू लागल्या. शेळी टेम्पोतून आली. दोन दिवसांत तिने नारळाचे रोप खाल्ले, आठवड्यात केळी संपवल्या. समुद्रकाठापैकी निळ्या भिंती, दोन खुर्च्या आणि मी एवढेच उरलो. शकुबाई मात्र अजून इथेच आहेत.

मित्रांनो, माझ्यासारखा एखादा पडदा तुमच्या घरी असेल तर त्याला अधूनमधून कोरड्या फडक्याने पुसा, सुतळी सैल झाली तर बांधा. आणि नवे घर हौसेने सजवा, जरूर सजवा! फक्त छताला पहिला खिळा ठोकण्याआधी त्याखाली निजणाऱ्या म्हाताऱ्या माणसाजवळ जरा बसा आणि विचारा, वर पाहिल्यावर तुम्हाला काय दिसायला हवे?