कोपरीच्या होडीतली रिकामी फळी

मित्रांनो, तुम्ही ज्या लाकडावर बसून चिंचा खाताय ना, तीच मी. कोपरीच्या कोळीवाड्याची शर्यतीची होडी होते मी एके काळी. बसा, उठू नका. माझ्या पोटात गाळ वाळून बसला आहे, फटींतून चिंबोऱ्या ये-जा करतात, पण पोरांचं वजन मला अजून पेलतं. आणि पोरं बसली की मला बोलावंसं वाटतं. मोठ्या माणसांना माझा आवाज ऐकू येत नाही, ती बसायची ती नुसती भांडायची.

कशावरून म्हणाल, तर आमच्या होडीवरून. कोपरीची होडी का हरते, कोण वल्हं नुसतं भिजवून काढतो, तांडेलाला अक्कल आहे की नाही, वर्षभर हेच चालायचं. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. सुकाणू धरणारा, कोण कुठं बसणार ते ठरवणारा. होडी हरली की शिव्या त्याला. त्याला माझा आवाज ऐकू गेला असता, तर मीही चार दिल्या असत्या. पण मी जे ऐकलं आहे ते ऐकल्यावर त्या माझ्या तोंडून निघाल्या असत्या का, कुणास ठाऊक.

मी मूळची शहापूरकडच्या रानातली. साग होते. माझा ओंडका कल्याणच्या बंदरावर उतरला आणि गोविंदा सुतारानं मला घडवलं. अंग लांबट, नाळ म्हणजे पुढचं टोक निमुळतं. फटींत कापूस ठासून वर राळ भरली, मुशी माशाचं तेल पाजलं. तेल चोळताना तो स्वतःशीच म्हणायचा, "आठ मानसं बसतील गो तुझ्यात. पन तुला वाटला पायजे का येकच बसलाय."

तसंच झालं. चार माणसं उजवीकडे, चार डावीकडे, मागं तांडेल. दर शिमग्याच्या पौर्णिमेला, दुपारची भरती उतरू लागली की बाळकूमच्या वळणापासून आगगाडीच्या पुलापर्यंत शर्यत लागायची. बाळकूम, कळवे, विटावे आणि आम्ही. शेवट आमच्याच दारात, म्हणून सगळी कोपरी काठावर. ढोल घुमायचा, आणि मी पुलाखाली शिरले रे शिरले की बाया गायला लागायच्या :

कोपरीची होरी जशी पान्यावर घार,
बाळकूमच्या होरीला चिखलाचा भार.

उजव्या बाजूच्या मधल्या फळीवर सहदेव बसायचा. अबोल माणूस. त्याचं वल्हं पाण्यात शिरताना आवाज होत नसे, पण बाहेर निघताना कुणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवून पुढं सारल्यासारखं वाटे. बाकीचे त्याच्याकडे बघून वल्ही मारत. तांडेल महिपत त्याचा जिवाचा दोस्त. शर्यत जिंकली की दोघं माझ्या काठाला पाठ लावून बसत आणि काहीही बोलत नसत.

मग एका कार्तिकात सहदेव मासे मारायला घारापुरीच्या पलीकडे गेला आणि वादळात सापडला. त्याच्या होडीची एक फळी वाहत आली. तो आला नाही. त्याचा देहही कुठल्या किनाऱ्याला लागला नाही.

आता आमच्या वाड्याची एक रीत ऐका, म्हणजे पुढचं कळेल. शर्यतीच्या होडीतली एकेक फळी एकेका घराची. बाप गेला की मुलगा बसणार, मुलगा नसला तर घर म्हणेल तो बसणार. पण पाण्यात गेलेला माणूस हाती लागला नाही, तर त्याच्या घरून शब्द येईपर्यंत त्याच्या फळीवर कुणी बसायचं नाही. कारण कुणाला बसवलं, म्हणजे तो मेला असं सगळ्या वाड्यानं म्हटल्यासारखं होतं.

सहदेवच्या घरी त्याची बायको रखमाबाई एकटीच होती. तिच्याकडून शब्द आला नाही.

त्या शिमग्याला मी सात वल्ह्यांवर पाण्यात उतरले. उजवीकडे तीन, डावीकडे चार. डावीकडचा एक उतरवावा, तर त्याच्या घराचा मान जातो. पहिल्या दमालाच माझं तोंड उजवीकडे वळलं. महिपत सुकाणू ओढून धरी, डावीकडचे हात आखडून मारीत, आणि मी लंगड्या बैलासारखी पुलाकडे चालले. शेवटून पहिले आलो. बाळकूमच्या बायांनी मोका सोडला नाही :

कोपरीची होरी, चिंबोरीची तिची चाल,
शिमग्याच्या दिसाला चिखलात तिचे हाल.

लोक घरी गेले आणि दोष ठेवला माझ्यावर. होरी जुनी झाली, पाणी पिते, जड झाली. मला ओढून इथं टाकलं आणि नवी होडी बांधली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? ज्या हातांनी मला तेल पाजलं, त्यांनीच माझ्यावर ओली जाळी वाळत घातली. पण नवी होडी पहिल्यांदा पाण्यात गेली तेव्हा मी मनातल्या मनात ओरडत होते, "मार गं, मार!" आपल्या वाड्याची होडी ती आपली होडी. तिचंही तोंड उजवीकडेच वळलं. तीही शेवटची आली.

असे सात शिमगे गेले.

तेवढ्या वर्षांत माझ्यावर बसून दोन म्हाताऱ्यांनी जेवढी होडी वल्हवली, तेवढी कुणी पाण्यात वल्हवली नसेल. एक काळुराम, तरुणपणी डावीकडच्या पहिल्या फळीवरचा. दुसरा पंढरी, जो कधीच होडीत नव्हता, त्यामुळे त्याला सगळंच कळायचं.

"त्यो पुढचा पोरगा बगलास?" काळुराम म्हणायचा. "वल्हा मारतो का ताक घुसलतो?"

"आरं, त्याला बापाची फली मिलाली. बापाचा दंड नाय मिलाला."

"पोरांचं सोड. तांडेलाचं बोल. सात वल्ह्यांवर कोनी शर्यत जिकलीय? या महिपतला होरीवरनं उतरवा आन् चुलीपुढं बसवा."

"चुलीपुढं बसवला तं भाकरी पन येका बाजूनं करपंल!"

दोघं हसायचे, आणि हसू संपलं की पुलाकडे बघत राहायचे. मला त्यांचा राग येत नसे. जिंकणाऱ्या होडीला नावं ठेवायला कुणी सकाळी उठून खाडीवर येत नाही.

आणि ते बोलत ते खरंच होतं. होडीचा कस उतरत चालला होता. उजवीकडचे तिघे चौघांचं ओझं ओढून थकलेले. डावीकडच्यांना हात राखून मारायची सवय लागलेली. शेवटचा शेवटचा म्हणून हिणवल्यावर चांगली पोरं मुंबईच्या गिरणीत, गोदीत जाऊ लागली. उरला तो महिपत, वाकड्या धरलेल्या सुकाणूनं खांदा वाकडा झालेला.

एका संध्याकाळी पंढरीनं त्याला माझ्यापाशीच गाठलं. "तांडेला, येकदा जाऊन इचार की रखमाला. कवरी ती फली रिकामी ठेवशील?"

महिपत म्हणाला, "तिच्या हातात अजून चुडा हाय, पंढरीदादा. ती वाट बगते. मी जाऊन काय सांगू, फोड म्हनून? तिनं आस सोडली का मी फली भरीन. तवर हरलो तं हरलो."

मित्रांनो, आमच्या कोळणी काचेच्या बांगड्या डाव्याच हातात घालतात. उजव्या हातातल्या लग्नात खाडीला देतात, धन्याला सांभाळ म्हणून सांगून. रखमाबाईच्या डाव्या हातात हिरव्या बांगड्या होत्या, आणि त्या हातानं ती माझ्या काठाला टेकून जाळी सांधायची. सांधता सांधता गुणगुणायची :

खाडीच्या गं पान्या, तुला काय मी मागू?
दिवा गेला इझून, कुनासाठी जागू?

पुढच्याच पावसाळ्यात शेजारची मालन तिच्या सोबतीला जाळं घेऊन बसली होती. तिनं भीत भीत विचारलं, "रखमाबाय, खरं सांग. तुला वाटतं का गो, येतील म्हनून?"

रखमाबाईनं सुई थांबवली नाही. "पयल्याच वर्सी कललं मना. रातीचं उठून त्यांच्या जागेवर हात ठेवला, आन् कललं."

"मंग या बांगड्या?"

"तांडेलानं त्यांची फली ठेवलीय ना. सारा वाडा हरतो, पन फलीवर कोनाला बसवीत नाय. त्याला पान्यातलं काय तरी ठाव असंल. पुरुष मानसं आस धरून बसलीत, आन् बायकोनंच चुडा फोडायचा? त्यांनी फली भरली का मी बांगड्या उतरवीन."

ऐकलंत ना? तो तिच्या बांगड्यांकडे बघून फळी राखत होता, आणि ती फळीकडे बघून बांगड्या. दोघंही मला टेकून बसायचे, एक या काठाला, एक त्या काठाला, वेगवेगळ्या वेळी. आणि सांगायला मी लाकूड.

मग आठवा शिमगा आला. त्या सकाळी होडीला फुलं बांधत होते. विटाव्याचा एक होडीवाला जाता जाता ओरडला, "कोपरीकरांनो, दिवे लावून ठेवा! सांजेपतुर येल तुमची होरी!" काठावरचे सगळे हसले, आमचेसुद्धा. ते आमच्या माणसांचं हसणं काळुरामला सोसलं नाही. तो माझ्यावरून उठला आणि थेट महिपतपुढं जाऊन उभा राहिला.

"ऐकलास? आपलीच पोरं हसतात. आनंदा मोकला उभा हाय, चांगला दंडाचा गडी. त्याला बसव त्या फलीवर, नाय तं सुकानू खाली ठेव."

"काका, शब्द आल्याबिगर नाय."

"येका बाईच्या आसेपायी सारा वाडा बुडवशील?"

रखमाबाई पाण्याच्या कडेला टोपली घेऊन उभी होती. ती पुढं आली.

"कोनाच्या आसेपायी?" तिनं विचारलं.

महिपतच पुटपुटला, "तुमच्या, वयनी. तुमी वाट बगता म्हनून..."

"मी?" ती त्याच्याकडे बघतच राहिली. "भावजी, मी तं तुमी बगता म्हनून बगत व्हते."

रखमाबाईनं टोपली खाली ठेवली. माझ्यापाशी आली. डावा हात माझ्या काठावर ठेवला, आणि आपटला. एकदा, दोनदा. हिरवी काच गाळात उडाली. तिच्या मनगटातून रक्त आलं, ते तिनं पदराला पुसलं.

"आनंदा, बस," ती म्हणाली. "त्यांची फली हाय. नीट वल्हव."

मालन तोंडात पदर कोंबून रडत होती. रखमाबाई रडली नाही. ती पुलाच्या दिशेला तोंड करून उभी राहिली आणि हलली नाही. काळुराम तिच्याकडे न बघता मला म्हणाला, "आज जिकली पायजे. आज तरी जिकली पायजे." मला वाटलं, आज खाडीलाही लाज वाटेल. आज ती आमची होडी उचलून पुलापाशी आणून ठेवील.

दुपारी भरती उतरू लागली आणि दूरवर ढोल वाजला. होड्या वळणावरून दिसू लागल्या. आठ वल्ही! किती वर्षांनी आमची आठ वल्ही उन्हात चमकताना मी बघत होते.

आणि मग होडीचं तोंड डावीकडे वळलं.

मला लगेच कळलं. उजवीकडचे तिघे इतकी वर्षं चौघांचं बळ लावायला शिकले होते, ते तसंच लावत होते. डावीकडचे हात राखून मारायला शिकले होते, ते तसंच मारत होते. त्यात आनंदा ताज्या दमाचा. महिपतच्या वाकड्या खांद्यानं सुकाणू जुन्या सवयीनंच धरलं, आणि ते सरळ करेपर्यंत होडी काठच्या उथळात शिरली होती. तिवरांच्या मुळांना वल्ही अडकली. सगळ्यांची हाडं व्यंगाला सरावली होती. भरलेली जागा त्यांना पेलली नाही.

बाळकूम पुलाखालून गेलं. कळवे गेलं. विटावे गेलं. आमची होडी चिखलातून ढकलत आणली, तेव्हा पाणी निम्मं उतरलं होतं. याहून वाईट आम्ही कधीच हरलो नव्हतो.

बाळकूमच्या बायांनी गाणं सुरू केलं होतं. कुणीतरी त्यांच्या कानात सकाळच्या बांगड्यांचं सांगितलं, आणि त्या मध्येच थांबल्या. ते थांबणं आमच्या लोकांना गाण्याहून जास्त लागलं.

महिपत गुडघाभर चिखलात रखमाबाईपुढं आला. "वयनी, फुकट गेल्या गो बांगड्या."

तिनं उघडा हात पदराखाली घेतला. "फुडच्या वर्सी सरल जाईल का?"

उत्तर आनंदाच्या आईनं दिलं, खाली मान घालून. "शिमगा झाला का आनंदा मुंबईला चाललाय, बाय. गिरनीत जागा लागलीय त्याची."

रखमाबाईनं मान हलवली. टोपली उचलली आणि घरी गेली.

पुढल्या शिमग्याला होडी उतरली ती पुन्हा सात वल्ह्यांवर. मधली फळी रिकामीच. पण आता ती कुणासाठी राखलेली नव्हती. बसायला कुणी नव्हतं, एवढंच. हरलो. काळुराम शेवटपर्यंत बघत राहिला, पण तो महिपतला एक शब्दसुद्धा बोलला नाही, आणि मला त्याच्या शिव्यांची आठवण आली. त्यानंतरच्या शिमग्याला कोपरीची होडी उतरलीच नाही. आता शर्यतीच्या दिवशी आमची माणसं दुसऱ्या गावांच्या होड्या बघतात आणि लवकर घरी जातात.

मित्रांनो, माझी काळजी करू नका, मी लाकूड आहे, गाळात मिसळून जाईन. पण तुमच्या घरात, तुमच्या वाड्यात कुणाचं मन राखायचं म्हणून तुम्ही गप्प बसला असाल, तर एकदा त्याच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा. रागावेल, रडेल, तरी विचारा. आणि लवकर विचारा, हातांना वाकडी सवय लागायच्या आत. आमच्याकडे विचारलं गेलं ते भांडणात आणि उशिरा. बांगड्याही गेल्या आणि होडीही गेली.